जीन्स घरीच शॉर्ट केली, पण त्या जाड शिवणीने घाम काढला

स्टेशनजवळ अल्टरवाल्याकडे जीन्स टाकली की "उद्या या" चालू होतं. पावसाळ्यात तर जास्तच, कारण लांब जीन्सने प्लॅटफॉर्मवरचं पाणी पुसत जायचा सगळ्यांनाच वैताग येतो आणि सगळे एकदमच शॉर्ट करायला टाकतात. शेवटी मी न शिवलेलीच परत आणली आणि आईच्या मशीनवर बसलो.

माप, कापणं, इस्त्री यात काही नाही. रोजचे बूट घालून उभं राहायचं, घरातल्या कोणाला तरी टाचण्या लावायला सांगायचं, हव्या त्या लांबीच्या खाली एक इंच ठेवून कापायचं आणि अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडायचं. सपाट भागावर टीप सुद्धा मस्त पळते.

घोडं अडतं ते जीन्सच्या पायाच्या त्या उभ्या, डबल टीपवाल्या शिवणीवर. व्हिडिओत लोक तिथून सरळ पुढे जातात, दाखवतच नाहीत, आणि मला राग त्याचाच आहे कारण खरं काम तेवढंच आहे! त्या शिवणीत कापडाचे चार थर असतात, दोनदा दुमडलं की तिप्पट, म्हणजे सुईखाली बारा थर. फूट, म्हणजे सुईजवळचा कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, त्या उंचवट्यावर चढायला लागला की पुढून वर उचलला जातो, तिरका होतो, कापड नीट दाबलं जात नाही, फुटाखालचे दाते कापड ओढत नाहीत, मशीन जागच्या जागी घरघर करतं, टाके सुटतात आणि जोर केला तर सुई कट्कन मोडते. माझी मोडली. तुकडा उडतो म्हणून चष्मा घालाच, मस्करी नाही.

शेजारच्या काकू ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, आधी ती शिवण ठोकून घे आणि फूट सपाट कर." मग शिवणीवर जुनं फडकं ठेवून खलबत्त्यातल्या बत्त्याने दणादण ठोकली, बरीच बसली. (दुपारी ठोका, रात्री खालच्या मजल्यावरचे वर येतील.) फूट सपाट करायला कापून टाकलेल्या जीन्सचाच तुकडा घडी घालून उंचवट्याएवढा जाड केला. उंचवट्याजवळ आलो की सुई कापडात खाली ठेवून फूट उचलायचा, तो तुकडा फुटाच्या मागच्या बाजूला सरकवायचा आणि फूट परत खाली टाकायचा. आता फूट आडवा बसतो. तिथून पुढे पॅडलवरचा पाय काढायचा, मोटर चालवायचीच नाही, चाक हाताने स्वतःकडे फिरवत एकेक टाका घ्यायचा. उतरताना उलटं, तुकडा फुटाच्या पुढे. पहिला सलग टाका पडला तेव्हा मी अक्षरशः ओरडलो, आई किचनमधून बघायला आली.

टीपेची सुरुवात त्या शिवणीवर करू नका, दोनेक इंच बाजूला करा, हे आधीच सांगायला हवं होतं. सुई १६ नंबरची किंवा १८ ची. दादरला मिळते, पण दुकानात घरगुती मशीनची म्हणून सांगा, एका बाजूने चपटी असते ती, टेलरच्या मोठ्या मशीनची गोल दांडीची असते आणि आपल्याला बसत नाही. टाका मोठा ठेवा, साडेतीन-चारवर. वर जीन्सचा जाड पिवळा दोरा असेल तर बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळात, साधाच भरा, दोन्हीकडे जाड असला की खाली गुंता होतो. आधी टाकाऊ तुकड्यावर ट्राय करून दोऱ्याचं टेन्शन (ताण) बघा.

आणि नवी जीन्स कापायच्या आधी एकदा धुवून वाळवून घ्या, कॉटन आटतं, नाहीतर मापाने शिवलेली पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर जाईल.