लिनक्सवर वायफाय अडलं तर आधी कुठे पाहायचं

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय लागेना, की शोधून सापडलेली पहिली कमांड चिकटवायची, ती लागू पडली नाही की दुसरी, मग तिसरी, असं बहुतेकांचं होतं. यात वेळ तर जातोच, शिवाय आधी ठीक चाललेलं काहीतरी बिघडतं आणि मूळ दोष शोधणं आणखी अवघड होऊन बसतं. वायफाय लागण्यासाठी काही गोष्टी ठरलेल्या क्रमाने घडाव्या लागतात. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कार्ड दिसतं, कार्डाला ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) मिळतो, ड्रायव्हर कार्डात फर्मवेअर (कार्डाचा स्वतःचा छोटा प्रोग्राम) भरतो, रेडिओ चालू होतो, आसपासची नेटवर्कं दिसतात, पासवर्ड पटतो, आयपी पत्ता मिळतो आणि शेवटी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) चालतं. यातलं नेमकं काय अडलंय ते आधी शोधायचं, उपाय त्यानंतर.

खालच्या कमांड टर्मिनलमध्ये छोट्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. सिस्टीममध्ये बदल करणाऱ्या कमांडच्या आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावायचं.

आधी एक सोय करून घ्या. दुरुस्तीसाठी पॅकेज लागतात, पॅकेजसाठी इंटरनेट लागतं आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपना लॅन केबलची जागाच नसते. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते वायर्ड कनेक्शन म्हणून दिसतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच इंटरनेट लॅपटॉपला देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर टेदरिंगचा पर्याय उमटतच नाही.

आता कार्ड. टर्मिनलमध्ये द्या:

एलएसपीसीआय -एनएनके

यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकोनी कंसात चार-चार अंकाक्षरांची जोडी असते, उदाहरणार्थ ८०८६:२७२३. पहिला भाग चिप बनवणाऱ्या कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस आणि १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. मदत मागताना ही जोडी आणि कर्नलचा आकडा (यूनेम -आर) द्या. लॅपटॉपचं मॉडेल सांगून फारसा उपयोग नसतो, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं बसवलेली असतात.

कार्ड यादीतच नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस बंद केलेलं नाही ना ते पाहा. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज ‘शट डाउन’ केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं आणि कार्ड कधी कधी अशा अवस्थेत राहतं की लिनक्सला ते जागं करता येत नाही. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ केलं तर त्या एका वेळेपुरता हा अडथळा टळतो, त्यामुळे कारण हेच आहे का ते लगेच कळतं.

कार्डाच्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असायला हवी. ती नसेल तर कारणं साधारण दोन. पहिलं, कर्नल कार्डापेक्षा जुना आहे. मीडियाटेकच्या एमटी७९२१ ला कर्नल ५.१२ पासून आधार आहे, रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीई ला ५.९ पासून, आरटीएल८८५२एई ला ५.१६ पासून आणि आरटीएल८८५२बीई ला ६.२ पासून. नवा लॅपटॉप आणि दोन-तीन वर्षांपूर्वीची डिस्ट्रो (उबुंटू, डेबियन, मिंट असा लिनक्सचा तयार संच) अशी जोडी असेल तर नवा कर्नल घेणं हाच सरळ मार्ग. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीत त्यासाठी एचडब्ल्यूई नावाचा नवा कर्नल मिळतो, डेबियनमध्ये तो बॅकपोर्ट्स या विभागात असतो. इंटरनेटवर सापडलेला सोर्स उतरवून स्वतः ड्रायव्हर बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण तसा बांधलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा बंद पडतो.

दुसरं कारण ब्रॉडकॉम. बीसीएम४३६० किंवा बीसीएम४३१४२ सारख्या चिपना कर्नलबाहेरचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर लागतो. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस, उबुंटूमध्ये बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स. डीकेएमएस म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल (ड्रायव्हरची कर्नलमध्ये चढणारी फाइल) तुमच्याच मशीनवर नव्याने बांधलं जातं. त्यासाठी त्या कर्नलची हेडर पॅकेज लागतात. ती नसली की अपडेटनंतर वायफाय गायब होतं आणि लोक अपडेटला दोष देतात. डीकेएमएस स्टेटस या कमांडने मॉड्यूल चालू कर्नलसाठी बांधलं गेलंय का ते कळतं. बांधलं गेलंय पण चढत नाही, आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश येतो, तर अडवणारं सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आहे. मॉड्यूलवर सही नाही म्हणून कर्नल ते घेत नाही. पॅकेज बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि रीबूटनंतर एक निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की सही नोंदवली जात नाही. सगळं काम करून फक्त या एका पडद्यावर अडकलेले लोक फार आहेत.

ड्रायव्हर आहे पण वायफाय नाही, तर फर्मवेअर पाहा. बहुतेक कार्डांना सुरू होताना त्यांचा स्वतःचा छोटा प्रोग्राम लागतो, तो लॅपटॉपच्या डिस्कवरून कार्डात भरला जातो. जुन्या अथेरॉस कार्डांचा एटीएच९के ड्रायव्हर या बाबतीत अपवाद, त्याला फाइलच लागत नाही. सुडो डीएमईएसजी चालवून त्यात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधा. ‘फेल्ड’च्या पुढे उणे दोन दिसलं तर फाइल सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इथे इंटेलच्या कार्डांबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यामुळे अकारण घबराट होते. इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर फर्मवेअरची सगळ्यात नवी आवृत्ती आधी मागतो, नाही मिळाली तर एक-एक आकडा खाली येतो. म्हणून अपयशाच्या चार-पाच ओळी दिसल्या तरी त्यांच्याखाली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ असेल तर सगळं ठीक आहे. ‘आयडब्ल्यूएल-डीबग-योयो’ नावाची फाइल न मिळाल्याची तक्रारही निरुपद्रवी, तिच्यामागे धावू नका. ‘लोडेड’ची ओळ कुठेच नसेल तेव्हाच पॅकेज बसवा. उबुंटू आणि मिंटमध्ये ते लिनक्स-फर्मवेअर, डेबियनमध्ये फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-रिअलटेक, फर्मवेअर-अथेरॉस अशी वेगवेगळी. डेबियन १२ (जून २०२३) पासून इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येतं आणि त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर हा वेगळा विभाग केलेला आहे. जुन्या डेबियनवरून वर आला असाल तर सोर्सेसच्या यादीत तो विभाग हाताने जोडावा लागतो. तो राहिला तर फर्मवेअरच्या पॅकेजना अपडेट मिळणं थांबतं.

पुढची कमांड आरएफकिल लिस्ट. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय दिलं की झालं. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर कुठलीही कमांड चालणार नाही. लॅपटॉपच्या कडेचा स्विच किंवा विमानाचं चित्र असलेलं एफएन बटण शोधा. काही आयडियापॅड मॉडेलवर प्रत्यक्षात स्विचच नसतो, तरी जुन्या कर्नलमधलं आयडियापॅड_लॅपटॉप हे मॉड्यूल हार्ड ब्लॉक दाखवतं. तिथे ते मॉड्यूल काढून पाहायचं (मॉडप्रोब -आर) आणि त्याने काम झालं तर ब्लॅकलिस्ट करायचं, म्हणजे ते आपोआप चढू द्यायचं नाही.

रेडिओ चालू आहे, शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, पण आपलंच दिसत नाही, ही तक्रारही नेहमीची. राउटर कुठल्या चॅनलवर आहे ते पाहा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेतल्या बाजारासाठी बनवलेली कार्डं मात्र बहुधा ११ वरच थांबतात. अमेरिकेहून आणलेला लॅपटॉप आणि घरचा राउटर १२ किंवा १३ वर असला की नेटवर्क दिसणारच नाही. आयडब्ल्यू रेग गेट या कमांडने सध्याचा देश कळतो. ‘००’ म्हणजे देश ठरलेला नाही. आयडब्ल्यू रेग सेट आयएन (हे शेवटचं आयएन मोठ्या अक्षरांत) दिलं की भारताचे नियम लागू होतात. इंटेलची अलीकडची कार्डं मात्र देश स्वतः ठरवतात, त्यांच्यावर या कमांडचा परिणाम होत नाही. तिथे राउटरच १, ६ किंवा ११ वर आणणं सोपं. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ ही चॅनल रडारशी वाटून घेतलेली असतात. त्यांवर कार्ड स्वतःहून विचारणा करत नाही, नुसतं ऐकतं, त्यामुळे नेटवर्क दिसायला उशीर होतो. ३६ ते ४८ मधलं चॅनल निवडा.

सिग्नल कमकुवत असेल तर आकडा पाहा: आयडब्ल्यू डेव्ह, मग कार्डाचं नाव (डब्ल्यूएलपी२एस० किंवा डब्ल्यूलॅन० असं काही), मग लिंक. उणे ५० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८० ला जोडणी टिकत नाही. राउटरशेजारी बसूनही उणे ७५ दिसत असेल आणि कार्ड रिअलटेक आरटीएल८७२३बीई असेल, तर दोष अँटेनाच्या निवडीत आहे. या चिपच्या कार्डाला दोन अँटेनांची सोय असते, पण कमी किमतीच्या अनेक लॅपटॉपमध्ये एकच तार जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या टोकावर ऐकत बसतो. ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात .कॉन्फ ने संपणाऱ्या नावाची एक फाइल करा आणि तिच्यात ही ओळ लिहा:

ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

रीबूट करा. फरक पडला नाही तर २ च्या जागी १ लिहून पाहा. योग्य आकडा लागला की सिग्नल एकदम २०-३० डीबीने चढतो, शंकेला जागाच राहत नाही.

जोडणी लागते पण काही मिनिटांनी तुटते किंवा पिंगचा वेळ मधेच शेकड्यांत जातो, यामागे बहुतेक वेळा पॉवर सेव्हिंग असतं. कार्ड वीज वाचवण्यासाठी मधे मधे झोपतं आणि राउटरचा निरोप चुकवतं. आधी तात्पुरतं बंद करून पाहा: आयडब्ल्यू डेव्ह, कार्डाचं नाव, सेट पॉवर_सेव्ह ऑफ. फरक पडला तरच कायमचं करा. उबुंटूत नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरात डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल असते. तिच्यात वायफाय.पॉवरसेव्ह = ३ लिहिलेलं असतं, त्याचं २ करा. ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद. शून्य लिहिणारे पुष्कळ दिसतात, पण शून्य म्हणजे ‘मूळ ठरलेलं ठेव’, बंद नव्हे. मीडियाटेकच्या कार्डावर एवढ्याने भागलं नाही तर एमटी७९२१ई मॉड्यूलला वरच्यासारख्याच ऑप्शन्सच्या ओळीने डिसेबल_एएसपीएम=१ देऊन पाहा. लॅपटॉप झोपून उठल्यावरच वायफाय जात असेल तर मॉड्यूल काढून पुन्हा चढवणं पुरतं. इंटेलसाठी मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम आयडब्ल्यूएलवायफाय आणि नंतर मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय.

पेनड्राइव्ह किंवा डॉक (जादा पोर्ट देणारा जोड) लावल्यावरच २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय रखडतं का, हेही बघा. यूएसबी ३ च्या तारांतून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने २०१२ साली मोजमापासह हे मांडलं होतं. ५ गिगाहर्ट्झवर गेलात की ही भानगड उरत नाही.

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जात असेल तर जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्कमॅनेजर (यातली एन आणि एम ही अक्षरं मोठी) देऊन नोंदी वाचा, आणि नेटवर्कमॅनेजरच्या जागी डब्ल्यूपीए_सप्लिकंट लिहून त्याच्याही. ‘प्री-शेअर्ड की मे बी इनकरेक्ट’ असं आलं तर पासवर्ड खरंच चुकतोय, जतन केलेलं कनेक्शन पुसून नव्याने टाका. राउटर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची जुनी आणि नवी पद्धत) अशा मिश्र पद्धतीवर असेल तर तात्पुरतं फक्त डब्ल्यूपीए२ वर ठेवून पाहा. ब्रॉडकॉमच्या डब्ल्यूएल ड्रायव्हरला डब्ल्यूपीए३ येतच नाही. कॉलेज किंवा ऑफिसच्या वापरकर्ता-नाव विचारणाऱ्या नेटवर्कवर उबुंटू २२.०४ नंतर अडलं आणि नोंदीत ‘अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड’ दिसलं, तर तिथला सर्व्हर जुना आहे. ही ओळ तिथल्या नेटवर्क विभागाला दाखवा, दुरुस्ती त्यांच्या बाजूला व्हायला हवी.

जोडलंय पण साइट उघडत नाही? पिंग १.१.१.१ चाललं आणि नावाने पिंग चाललं नाही तर डीएनएस. रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसमध्ये जुन्या व्हीपीएनचा पत्ता अडकलेला असतो बरेचदा. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. आणि सगळं ठीक असून प्रत्येक साइट प्रमाणपत्राची तक्रार करत असेल तर तारीख पाहा. जुन्या लॅपटॉपची बायोसची बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं.

एवढं करून कार्डच बदलायचं ठरलं तर एम.२ २२३० आकाराचं घ्या. इंटेलचं एएक्स२१० बहुतेक लॅपटॉपमध्ये चालतं, त्याला कर्नल ५.१० किंवा नवा लागतो. एएक्स२०१ आणि एएक्स२११ घेऊ नका, ती दिसायला तशीच असली तरी त्यांचं अर्धं काम इंटेलच्या ठराविक चिपसेटमध्ये होतं, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती ओळखलीच जात नाहीत. जुन्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी असते, ती आधी तपासा. उघडायचं नसेल तर मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचा यूएसबी डोंगल घ्या, त्याचा ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नलमध्येच आहे. खोक्यावर चिपचं नाव नसतं आणि एकाच नावाच्या डोंगलमध्ये आवृत्तीनुसार चिप बदलते, म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराकडून किंवा खरेदीदारांच्या नोंदींतून यूएसबी आयडी (वर पाहिली तशीच अंकाक्षरांची जोडी) मिळवा. कार्ड बसवताना बॅटरीची जोडणी आधी काढा आणि अँटेनाच्या तारांची टोकं सरळ वरून, नखाने हलकेच दाबून बसवा. तिरकी दाबली तर कार्डावरची इवलीशी खोबण वाकते आणि मग नव्या कार्डावरही उणे ८० च दिसतं.