लेस लावलेली गोणपाटं

लग्नाची सजावट ठरवायला भेटलो, तर पहिल्याच भेटीत नवरीने मोबाइलवर साठ-सत्तर फोटो दाखवले. बसायला गवताचे चौकोनी गठ्ठे, टेबलांवर गोणपाटाच्या पट्ट्या, काचेच्या बरण्यांत रानफुलं, ग्रामोफोन. "ताई, रस्टिक व्हिंटेज. सॅटीन आणि थर्माकोल अजिबात नको." लग्न घरच्याच शेतावर, घोडबंदर रोडला ओवळ्याच्या बाजूला. मागे येऊरचे डोंगर, पुढे टॉवर आणि मधे चार भावांनी मिळून अजून न विकलेली भातशेती. मनात म्हटलं, यात मी वेगळं करायचं ते काय!

भात कापून झाल्यावर शेत मोकळं होतं, सपाट होत नाही. धसकटं पायाला टोचतात, टाचांच्या चपला त्यांत अडकतात. रोलर फिरवून वर मॅट घातली. टेम्पो आत न्यायला एका जागी बांध फोडला आणि तो पुन्हा घालून द्यायचं काकांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. गठ्ठ्यांचा नाद मीच सोडायला लावला. आपल्याकडे पेंढ्याचे हाताने बांधलेले भारे असतात, त्यांवर बसलं की अंग खाजतं, आत विंचू असला तर आणखी मजा. शेजारी रॉकेलचे कंदील टांगायचे होते, म्हणजे आगीला आवतणच. भारे प्रवेशाशी उभे केले, कंदिलांत बॅटरीचे बल्ब घातले. बैलगाडी हवीच होती, पण त्यांच्या घरी आता ना बैल ना गाडी. शेवटी ती भिवंडीकडून आली. टेम्पोतून.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव सजून तयार होता. मेढीला आंब्याचा डहाळा बांधला होता. घरात लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणारी धवलारीण आली होती, तिचे धवले बाहेरपर्यंत ऐकू येत होते. मी टेबलं लावत होते. दोन रात्री जागून आम्ही त्या गोणपाटाच्या पट्ट्यांना पांढरी लेस शिवली होती. तेवढ्यात नवरीची आजी काठी टेकत आली. पट्टीचं टोक चिमटीत धरून तिने उलटसुलट पाहिलं, लेसवरून अंगठा फिरवला आणि पट्टीच टेबलावरून सर्रकन ओढून काढली. मग दुसरी. मग तिसरी.

"पावन्यांना गोणपाटाव जेवाला घालतं का? आपले घरान चादर नाय?"

मी समजावायला गेले, आजी, हल्ली हीच फॅशन आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य अर्धंच राहिलं. गोणपाट तिच्या लेखी सजावट नव्हतीच, ज्यांच्याकडे दुसरं काही नसतं त्यांची ती वस्तू होती. नात रडायला लागली, काका मधे पडले, मामा भलत्याच बाजूने मधे पडले. माझ्या मदतनीस पोरांनी हळूच चहाचा रस्ता धरला.

खरं सांगायचं तर आजीला नेमकं तेच हवं होतं, ज्याला नवरीने पहिल्या दिवशी फुली मारली होती: खुर्च्यांना सॅटीनची कव्हरं, मागे मोठा गुलाबी बो. मांडववाल्याच्या गोदामात ती ढिगाने पडलेली. संध्याकाळी पाचला तोड निघाली. पुढच्या दोन रांगा वडीलधाऱ्यांच्या, त्यांना सॅटीन. जेवणाच्या टेबलांवर पांढऱ्या चादरी. गोणपाट फक्त सरबताच्या आणि पानाच्या काउंटरवर. फोटोग्राफरला सांगितलं, समोरचे टॉवर आणि पहिल्या दोन रांगा फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस. तो म्हणाला, मग उरतं काय?

रात्री दहाला स्पीकर बंद करावाच लागतो, तो केला. धवलारणीला माइक लागत नव्हता, तिचं चालूच राहिलं. मी डिसेंबरातलं दव धरलंच नव्हतं. पहाटे पाहिलं तर कागदी पताका लिबलिबीत आणि खुर्च्यांवरचे बो ओले होऊन लोंबत होते. लग्नाच्या मुहूर्तापर्यंत चार पोरं हेअर ड्रायर घेऊन गुलाबी सॅटीन वाळवत बसली होती.

पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी सामान भरताना आजी पुन्हा आली. मी पट्ट्या गुंडाळत होते.

"ती गोणपाटं ठेव पोरी. पाय पुसाला होतील. झालर तेवढी काढून ने."

सगळी लेस उसवायला मला आणि नवरीच्या आईला दुपार लागली.