कसब्यातला वाडा आणि आमच्या नऊ खोल्या

पुण्याच्या कसबा पेठेतला हा वाडा आम्ही दोघा भावांनी हॉटेल करायला घेतला तेव्हा बघायला आलेला प्रत्येक जण एकच सांगून गेला: पाडा आणि इमारत उठवा. सल्ला वेडगळ नव्हता. पेठांमधले कितीतरी वाडे याच वाटेनं गेले. वारस वाढत गेले, भाडं जुन्या आकड्यावर अडकलं, त्यात कौलं शाकारणंही परवडेना. मग गळती, धोकादायक इमारतीची नोटीस आणि शेवटी बिल्डर. आम्हाला तर एकूण एक वारसाची सही मिळवण्यातच निम्मा दम लागला. पण सागवानी खांबांवर टिचकी मारली की अजून खणखणीत आवाज येत होता.

खाली दगडी जोतं, वर खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे मातीत रचलेल्या विटा, अशी ही बांधणी. भार मुख्यतः लाकडावर. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पुराचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. त्यानंतरच्या दुरुस्तीत कुणीतरी तळमजल्याला सिमेंटचा गिलावा केला होता. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती आतल्या आत चढते आणि भिंतीतल्या खांबांचे बुंधे कुजवते. आम्ही आधी तो गिलावा उतरवला, कुजलेले बुंधे कापून जुनाच साग सांधला, मग चुना. कळीचा चुना विरवायचा, मुरवायचा, वाळू आणि विटांची पूड घालून मळायचा, वर गूळ आणि बेलफळाचं पाणी. असा गिलावा सावकाश वाळतो आणि पावसाळ्यात काम थांबवावं लागतं. बँकेच्या हप्त्याला मात्र पावसाळा नसतो.

पहिल्या नकाशात वीस खोल्या होत्या. घोडं अडलं बाथरूमपाशी. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांच्या, जमिनीवर फरशी आणि पाण्यानं भरलेला टब चढवायचा नाही, आणि गळती झाली तर खालची तुळई गेलीच. म्हणून मागच्या अंगणात लोखंडी सांगाडा स्वतंत्र उभा करून सगळी न्हाणीघरं एकावर एक घेतली. तिथपर्यंत पोचतील तेवढ्याच खोल्या ठेवल्या: नऊ. वाड्याचा मूळ जिना भिंतीतला, एका माणसापुरता. त्यामुळे अग्निशमनाच्या दाखल्यासाठी मागे दुसरा जिना आला.

टबाऐवजी तांबट आळीतली मठारकामाची, म्हणजे हातोडीनं ठोके देऊन घडवलेली, तांब्याची घंगाळं बेसिन म्हणून बसवली. ती रोज चिंचेनं घासावी लागतात, तरी पाहुणे फोटो त्यांचेच काढतात.

दर ऐकून लोक विचारतात, टब नाही, लिफ्ट नाही, मग पैसे कशाचे? हात-दीड हात जाडीच्या भिंतींचे, चौकातून खेळणाऱ्या वाऱ्याचे, सामान वरपर्यंत नेणाऱ्या माणसांचे. हे ज्याला पटत नाही त्याला आम्ही स्वतःच नदीपलीकडची मोठी हॉटेलं सुचवतो.

गणपतीतलं बुकिंग फोनवर बोलल्याशिवाय घेत नाही. मानाचा पहिला गणपती आमच्याच पेठेतला; विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, रस्ते बंद असतात, गाडी शिवाजीनगरच्या बाजूला सोडून बॅग घेऊन चालत यावं लागतं, आणि ढोल-ताशापुढे आमच्या जाड भिंतीही हात टेकतात. हे सगळं ऐकूनही हो म्हणणारे पुढच्या वर्षीची खोली जातानाच सांगून ठेवतात.