गोळ्या घेत का नाहीत?

“लोहाच्या गोळ्या हातात मिळतात, तरी गरोदर बायका घेत का नाहीत?” तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून लिहिते. ‘बायकांना कळत नाही’ हे उत्तर या प्रश्नात आधीच ठरलेलं असतं, आणि त्याचाच राग येतो. एकेकाळी मीही हेच म्हणायचे, म्हणून जास्त.

तेव्हा मी रिकाम्या स्ट्रिप्स मोजायचे. एक जण दर महिन्याला न चुकता सगळ्या रिकाम्या करून आणायची. इतरजणींना मी तिचं उदाहरण द्यायचे. आठव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन आलं ७.४, म्हणजे खूपच कमी. “खरं सांग,” म्हटलं. बराच वेळ ती खाली बघत राहिली.

“सिस्टर, पाचव्या दिवशी शी काळीकुट्ट झाली. वाटलं, आतून रक्त जातंय. बाळाला काही होईल म्हणून सोडल्या.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही रागावता.”

गोळ्या काढून फेकायची आणि स्ट्रिप्स माझ्यासाठी जपून ठेवायची. लोहाच्या गोळीने शी काळी होते, घाबरू नकोस, एवढं एक वाक्य मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. पुढे शिरेतून लोह दिलं, पण दिवस थोडे उरले होते. बाळंतपणात रक्तस्राव झाला, दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. दोघं वाचली. बाळ बघायला मी गेले नाही. जायला हवं होतं.

माझीही बाजू ऐका. बाहेर रांग असायची, एकीच्या वाट्याला चार मिनिटं. पण रागावायला त्यातलीच मिनिटं मला पुरत होती.

आता पहिल्याच भेटीत सांगते: शी काळी होईल. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घे. चहा-कॉफी तास-दोन तास लांब ठेव. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर नको, वेगळ्या वेळी. पोट फारच त्रास देत असेल तर सोडून देऊ नकोस, मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलू. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह अशी आहे, एकच एक आकडा नाही. आणि “घेतेस ना?” असं विचारत नाही. “या आठवड्यात किती चुकल्या?” असं विचारते. मग खरे आकडे येतात.

तरीही काहीजणी सोडतात. परवा एक म्हणाली, “सगळं पटतं सिस्टर, पण गोळी दिसली तरी उलटी येते.” तिच्यावर मी रागावले नाही. तिच्या गोळ्या मात्र अजून सुरू झालेल्या नाहीत.

स्ट्रिप्स अजूनही मोजते. मोजू नयेत असं म्हणायचं धाडस मला झालेलं नाही.