स्टार आणि कडुलिंब

आमच्या दारावर एकच खिळा आहे. फ्लॅट भाड्याचा, मालकांनी आधीच सांगितलेलं की भिंतींना भोकं पाडायची नाहीत, म्हणून आधीच्या भाडेकरूंनी ठोकलेला तेवढा एक. डिसेंबर लागला की त्याला आमचा कागदी स्टार लटकतो, आत बल्ब, वायर खिडकीतून घेतलेली. दोन वर्षांपूर्वी त्याच खिळ्याला स्टारच्या खाली कडुलिंबाची डहाळी आली.

आमचा नाताळ नगरचा. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आईच्या तोंडात नगरच आणि माझ्याही. तिथं ख्रिस्ती मिशन १८३१ पासूनचं, म्हणजे आमच्याकडं चर्चला जाणं हे पणजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं, आणि नाताळ म्हणजे केक कमी आणि करंज्या-शंकरपाळी जास्त. २४ ला आईकडे पंचवीसेक माणसं जमतात, हॉलभर गाद्या, पेटी-ढोलकी, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी, जी ऐकून शेजारच्यांना वाटतं भजनी मंडळ आलंय (आणि एका अर्थी आलेलंच असतं). अंगणात मुलांचं नाटुकलं. त्यात धाकटा त्या वर्षी मेंढपाळ होणार होता, वय सात, संवाद एकच, पण घोंगडी मात्र खरी, आजोबांची.

तर प्लॅन असा की २३ ला पहाटे पुण्याहून निघायचं, शिरूरला चहा, अकराच्या आत नगर. बॅगा भरलेल्या. नानकटाईचे तीन डबे तयार. नानकटाई मी अजून बेकरीतच भाजून आणते, मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, तिथं ते मळून देतात, पत्र्यावर लावून भट्टीत जातं, आणि आपण नंबर लावून मैद्याच्या पिशवीवर बसून राहायचं. डिसेंबरात अडीच-तीन तास सहज जातात. तेवढे तास घालवलेल्या माणसाचा प्लॅन मोडू नये असं मला तरी वाटतं.

२२ ला संध्याकाळी धाकट्याला घोंगडी घालून बघत होते, तर म्हणाला टोचतंय. म्हटलं घोंगडी टोचणारच. तर म्हणाला आतून टोचतंय. शर्ट वर केला, पोटावर चार फोड, पाणी भरलेले, कानामागे एक. कांजिण्या! डॉक्टर म्हणाले सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत कुणात मिसळायचं नाही, आणि नगरला तर चुलतभावाचं तीन महिन्यांचं बाळ येणार होतं. विषयच संपला.

थोरल्याला लस दिलेली, धाकट्याची पुढच्या महिन्यात-पुढच्या महिन्यात करत राहून गेली, म्हणजे देवाला दोष द्यायलाही मला तोंड नव्हतं. तरी दिलाच. रात्री बॅगा रिकाम्या करताना मी चांगली तणतणत होते, वर्षभरात मागितलं काय तर चार दिवस, तेही नाहीत! आणि फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचे हात जोडलेले, 'देवाची योजना वेगळी आहे', 'जे होतं ते चांगल्यासाठी'. माणसं प्रेमानंच लिहितात, पण सात वर्षांचं पोर अंग खाजवून रडत असताना कुणाचं काय चांगलं होतंय ते मला दिसेना. आईनं मात्र असलं काही लिहिलं नाही. फोन करून म्हणाली, "मग तिथंच करा गं. मटण अर्धा किलो आण, उगाच किलोभर नको." आईचं प्रत्येक वाक्य 'प्रभूची इच्छा असली तर'नं संपतं, उद्या भाजी आणीन, प्रभूची इच्छा असली तर. लहानपणी आम्ही नक्कल करायचो. त्या दिवशी तिनं ते म्हटलं नाही, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

झोप लागेना म्हणून बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, काढून बसले, दरवर्षी चर्चमध्ये कानावरून जाणारा. नगरचं चुकलं म्हणूनच बहुतेक, पहिल्यांदा डोक्यात आलं की ही सगळी गोष्टच मोडलेल्या प्लॅनची आहे. रोमच्या कैसर औगुस्ताला नावनिशी लिहून पाहिजे, म्हणून दिवस भरलेल्या बाईला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला, सरळ रेषेत मोजलं तरी शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे आपलं पुणं-नगरच की जवळपास, फक्त शिरूरचा चहा नाही. पोचल्यावर उतारशाळेत जागा नाही. आणि योसेफ, मरीयेचा नवरा! सुतार माणूस, त्यानं घरी पाळणा तरी करून ठेवला असेल की नाही? बाळ निजलं गव्हाणीत. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. चार वेळा स्वप्न पडतं, चारही वेळा सांगितलं तसं करतो, मिसरला (म्हणजे इजिप्तला) जा म्हटलं तर रात्रीच उठून निघतो. भरवसा म्हणजे मन शांत-बिंत असणं असं मी समजत होते, माझं तर तसं कधी होत नाही. योसेफाचं मन शांत होतं की नाही ते लिहिलेलंच नाही. उठला, एवढं लिहिलंय. मग मीही उठले आणि मटणाची पिशवी शोधून ठेवली. गव्हाणीसारखं आमच्याकडं काही नव्हतं, पण कॅलामाइनची बाटली होती, पोराला नखशिखांत गुलाबी केलं.

सकाळी वरच्या काकू आल्या, दाराबाहेरूनच. "देवी आल्यात का? हे घ्या," म्हणून कडुलिंबाची डहाळी. आमच्यात हे करत नाहीत असं तोंडावर आलेलं, पण त्यांनी त्याआधीच खिळ्याला अडकवली, स्टार थोडा बाजूला सरकवून, आणि वर म्हणाल्या, "छान दिसतंय." पाल्याच्या पाण्यानं आंघोळही घातली मी, खाज कमी झाली की पोराचं लक्ष दुसरीकडं गेलं, ठाऊक नाही.

२३ ला रात्री इथल्या चर्चची कॅरल पार्टी आली. येऊ नका म्हणून फोन केला होता, तर ते पार्किंगमध्येच उभे राहिले आणि तिथूनच वर बघत गायले, दहा-बारा जण, एक गिटार, एक ढोलकी, आणि वॉचमनही मफलर सारखा करून मधेच टाळ्या वाजवायला लागला. धाकटा घोंगडी पांघरून गॅलरीत, गुलाबी तोंडाचा मेंढपाळ, आणि गाणं संपल्यावर त्यानं आपला एकुलता एक संवाद तिसऱ्या मजल्यावरून ओरडून म्हटला. खाली सगळे हसले, तोही. मी भाजीची पिशवी दोरीनं सोडतो तशी सोडली, आत नानकटाईचा एक डबा, बेकरीतून आल्यापासून झाकण न उघडलेला (हे मी दोनदा ओरडून सांगितलं).

६ जानेवारीला, मागी लोकांचा, म्हणजे तारा बघत बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांचा दिवस म्हणून, स्टार उतरवला. डहाळी तशीच राहिली, वाळून कुरकुरीत झालेली, काढू-काढू म्हणत. ७ तारखेला नवरा दाढी करता करता थांबला आणि म्हणाला, जरा बघ गं मानेवर काय आलंय. सासूबाई आजही ठामपणे सांगतात, त्याला लहानपणी होऊन गेल्यात.