आम्ही पुस्तकं म्हणत होतो, ते मका म्हणत होते

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, काल आईनं राजमा भिजत घातला आणि म्हटलं आता बसायचंच.

पुण्यात कर्वेनगरला आईबाबांच्या घरी वरच्या दोन खोल्या आहेत, त्या आम्ही दोन वर्षं युगांडाच्या एका मुलाला भाड्यानं दिल्या होत्या. इथं एमएस्सी करायला आला होता. देताना शेजारच्या दोनतीन घरांनी नाकं मुरडली, पण बाबांनी एका वाक्यात विषय संपवला, शिकायला आलेलं पोर आहे, आपण शिक्षक माणसं, आपण नाही दिली तर कोण देणार. तो आईला मामा म्हणायचा. त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात. पहिल्या आठवड्यात आई गोंधळली, नंतर तिलाच ते इतकं आवडलं की आता तिकडून फोन आला की ती स्वतःच "मी मामा बोलतेय" म्हणते. राजमा त्याच्यामुळे आमच्या घरात आला. त्यांच्याकडे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, पोशो म्हणतात तिला, आणि बरोबर राजमा. शाळेत, तुरुंगात, लग्नात, सगळीकडे पोशो आणि राजमा, असं तो सांगायचा.

त्याचं गाव जिंजापासून तासाभरावर. जिंजा म्हणजे जिथं नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते ते शहर, गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये तिथं विसर्जित केला होता आणि त्यांचा अर्धपुतळाही आहे तिथं. हे ऐकल्यावर बाबांनी त्याला नकाशा काढायला लावला आणि मग रोज रात्री जेवणानंतर दोघांची शाळा भरायला लागली.

त्याची आई गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. युगांडानं १९९७ मध्ये प्राथमिक शाळेची फी माफ केली, आणि एका वर्षात शाळेतली मुलं साधारण तीस लाखांवरून पन्नास लाखांच्या वर गेली. ऐकायला फार छान वाटतं पण वर्ग तेवढेच, शिक्षक तेवढेच, आणि फी गेली तरी गणवेश, वह्या, पेन्सिली, दुपारचं जेवण हे सगळं आईबापांकडेच राहिलं. आपल्याकडे शाळेत खिचडी मिळते हे आपण किती गृहीत धरतो ते मला तेव्हा कळलं.

इंग्लंडमधली एक अगदी छोटी संस्था या शाळेला मदत करते. पगारी माणूस एकही नाही, काही रिटायर्ड शिक्षक घरून चालवतात, आणि त्यांचा एकच नियम आहे की काम सुचवायचं ते तिथल्या लोकांनी, करायचं तिथल्या लोकांनी, हिशोब ठेवायचा तोही तिथल्या लोकांनी, हे फक्त पैसे गोळा करून वेळेवर पाठवणार आणि हिशोब वाचणार. केनिया, मलावीतही अशी दोनचार कामं आहेत त्यांची. मी नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्यांना न विचारता लिहिणं बरं वाटत नाही, ज्यांना हवंय त्यांना फोनवर सांगीन.

तर आम्ही सहा मैत्रिणींनी ठरवलं आपणही काहीतरी करायचं. आणि आपल्याला सुचतं काय? पुस्तकं! अप्पा बळवंत चौकात चक्कर मारली, इंग्रजी गोष्टींची पुस्तकं, चित्रांची पुस्तकं, डिक्शनऱ्या, घरोघरच्या मुलांची जुनी पण चांगली पुस्तकं, माझ्या हॉलमध्ये खोकी लागली. मी इतकी खूश होते की प्रत्येक पुस्तकाला कव्हर घालत बसायचे. मग त्याच्या आईचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, अगदी प्रेमानं, की पुस्तकं पाठवण्याच्या खर्चात आम्हाला मका घेता येईल का.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. शिक्षण म्हणजे पुस्तक असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं ना.

समजावलं ते बाबांनी. तो मुलगा त्यांना सांगत होता की बुसोगा म्हणजे त्यांच्या त्या सगळ्या भागात ऊस फार वाढलाय, छोटा शेतकरी आपली जमीन उसाला लावतो नाहीतर भाड्यानं देऊन टाकतो, ऊस दीड दीड वर्ष जमीन अडवून बसतो, मग घरच्या मक्याला आणि राजम्याला जागाच उरत नाही. हातात थोडे पैसे येतात पण घरात खायला नसतं, आणि मोठी पोरं शाळा सोडून ऊस तोडायला नाहीतर ट्रकमध्ये भरायला जातात कारण तिथं रोजचे पैसे मिळतात. बाबा ऐकत ऐकत एकदम गप्प झाले. बाबांनी आयुष्यातली बरीच वर्षं बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात झेडपीच्या शाळेत काढलीयेत. तिथली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, मग दसरा-दिवाळी झाली की गाडी भरून कोयते निघाले, नवरा बायको मिळून एक कोयता, आणि मागं पोरं. पटावर चाळीस, समोर बारा. ते म्हणाले, मी त्या पोरांना कधी पुस्तक कमी पडल्याचं बघितलं नाही गं, पोरगंच समोर नसायचं. साखरशाळा निघाल्या, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणीच पोरांसाठी शाळा, नंतर हंगामी वसतिगृहं आली, आणि वसतिगृहाचं साधं गणित असं की आईबाप तोडीला गेले तरी पोरगं गावात आजीजवळ राहावं, त्याला दोन वेळचं जेवण गावातच मिळावं. जिथं गावच्या समितीनं आणि आज्यांनी मनावर घेतलं तिथं पोरं टिकली, असं बाबांचं म्हणणं, आणि यावर ते कुणाचंही ऐकून घेत नाहीत.

मग मी थोडं वाचलं, आणि जे सापडलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं. जिंजाच्या पूर्वेला केनियाची हद्द लागते, तिथं बुसिया म्हणून भाग आहे. तिथल्या शाळांत १९९० च्या दशकात अर्थतज्ज्ञ मायकल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता, काही शाळांना पाठ्यपुस्तकं द्यायची, काहींना नाही, आणि बघायचं मार्क वाढतात का. सरासरी मार्क वाढलेच नाहीत. फायदा झाला तो फक्त आधीच पुढं असलेल्या मुलांना, कारण पुस्तकं इंग्रजीत, आणि इंग्रजी बऱ्याच मुलांची तिसरी भाषा, घरची एक, स्वाहिली दुसरी. बाकीच्यांना ती धड वाचताच येईनात. त्याच भागात जंताच्या गोळ्या दिल्या तर शाळेतली गैरहजेरी साधारण पाव हिश्शानं कमी झाली. क्रेमरना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांसाठी. माझ्या हॉलमधली खोकी सगळी इंग्रजी! आणि युगांडात पहिली तीन वर्षं बऱ्याच सरकारी शाळांत स्थानिक भाषेत शिकवतात, त्यांच्याकडे लुसोगा. त्या बाईंनी हे मला सुनावलं नाही, फक्त मका मागितला.

(खोकी वाया नाही गेली. एका वस्तीतल्या वाचनालयाला दिली.)

आता त्यांचं काम कसं चालतं ते सांगते. गावात बायकांचा बचत गट आहे, आपल्यासारखाच, फक्त त्यांची पैशाची पेटी तीन कुलपांची असते आणि तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे, तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. आफ्रिकेत खूप ठिकाणी ही पद्धत आहे. त्याच गटातल्या काही जणी शाळेच्या जेवणाचं बघतात. प्रत्येक घरानं टर्मला ठराविक मका द्यायचा, ज्यांच्याकडे मका नाही त्यांनी सरपण आणायचं, तेही जमत नसेल तर स्वयंपाकाला हात लावायचा. हे ऐकून मला कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवला, घरोघरी बायका मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि त्यावर रयतची बोर्डिंगं चालायची. आपल्याला हे काही नवीन नाही, फक्त आपण विसरलोय.

आमचे पैसे येतात ते उरलेल्या तुटीसाठी. आणि इथं मला सगळ्यात मोठी गोष्ट कळली. आम्ही पहिल्या वर्षी पैसे पाठवले मार्चमध्ये, कारण आपल्याकडे दान म्हटलं की मार्च एंड. त्या भागात पाऊस दोनदा, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणून मक्याची पिकंही दोन. डिसेंबर-जानेवारीत मका स्वस्त, आणि मार्च-एप्रिलनंतर घरातला संपत येतो तसा महाग होत जातो, नवीन येईपर्यंत. म्हणजे आम्ही बरोब्बर महाग वेळेला पैसे पाठवले, तेवढ्याच पैशात पोती कमी आली. बाईंनी पावतीबरोबर दोन्ही वेळचे भाव लिहून पाठवले, बाकी एक शब्द नाही. पुढच्या वर्षी आम्ही नोव्हेंबरमध्ये पाठवले.

पोती जास्त आली तर ठेवायची कुठं हा पुढचा प्रश्न, कारण मका ओलसर राहिला की बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवलं तरी जात नाही. म्हणून दुसऱ्या वर्षीची मागणी होती ताडपत्र्या, मका वाळवायला, आणि जमिनीपासून उंच अशी कोठी. मला सांगा, कर्वेनगरमध्ये बसून मुलांच्या शिक्षणासाठी काय लागेल याची यादी केली असती तर त्यात ताडपत्री आली असती का?

पैसे कसे पाठवतो हे खूप जणांनी विचारलंय. इथल्या ट्रस्टमार्फत अवघड आहे, कारण ट्रस्टनं परदेशात खर्च केला तर त्यावर इन्कम टॅक्सची सूट मिळायला सीबीडीटीची, म्हणजे केंद्राच्या प्रत्यक्ष कर मंडळाची, खास मंजुरी लागते. म्हणून आम्ही प्रत्येक जण आपापल्या नावानं बँकेतून पाठवतो, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये, म्हणजे आपण स्वतः परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, दान हे कारण चालतं. ८०जी ची, म्हणजे दानावरची करसूट मिळत नाही हे आधीच सांगते. आणि बँकेचा चार्ज प्रत्येक वेळी लागतो त्यामुळे दर महिन्याला थोडे थोडे पाठवू नका, वर्षातून एकदा. त्या संस्थेची जमा आणि खर्च इंग्लंडच्या चॅरिटी कमिशनच्या साइटवर दिसतो, तो मी दरवर्षी बघते.

बँकेतल्या एकांनी फॉर्म घेताना विचारलं, मॅडम, मेळघाटात काय कमी आहे का. नाहीये कमी. तिथंही देतो आम्ही, आणि जमेल तसं गावाकडच्या मुलामुलींसाठी पुण्यात वसतिगृहं चालवणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीलाही देतो. पण ज्या मुलानं दोन वर्षं माझ्या आईला मामा म्हटलं त्याच्या गावची पोरं मला परकी वाटत नाहीत.

तो आता परत गेलाय, जिंजातच नोकरी करतो, शनिवारी गावी जाऊन शाळेच्या जेवणाचा हिशोब लिहितो. करोनात युगांडाच्या शाळा मार्च २०२० ते जानेवारी २०२२ पूर्ण किंवा अर्धवट बंद होत्या, जगात सगळ्यात जास्त काळ, आणि त्या काळात उसाकडं गेलेली पोरं बरीचशी परत आलीच नाहीत. त्याच्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ त्यातलाच, तो आता सोळा-सतरा वर्षांचा आहे. यंदाच्या मागणीत त्याच्यासारख्यांसाठी संध्याकाळचा वर्ग आहे, एक शिक्षक, दोन सोलर दिवे, आणि जेवण, कारण दिवसभर ऊस तोडून आलेला पोरगा उपाशी पोटी बसणार नाही असं त्यांनी कारण लिहिलंय.

फेब्रुवारीत टर्म सुरू होते, मका त्याआधी घ्यायचाय. ज्यांना यात यायचंय त्यांनी मला दिवाळीच्या आसपास सांगा, मार्चमध्ये नको.