वास्तव्य : झाड

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गावाच्या जैवविविधता नोंदवहीचे काम माझ्याकडे होते. २००२ च्या कायद्यानुसार स्थानिक समितीने करावयाच्या या वहीत उडत्या सरड्याची नोंद मी आदल्याच आठवड्यात पुरी केली होती आणि वास्तव्याच्या रकान्यात ‘झाड’ एवढा एकच शब्द लिहून पान उलटले होते. ड्रॅको वंशातील हे सरडे बहुतांशी आग्नेय आशियातले. आपल्या सह्याद्रीत त्यांची एकच जात आढळते, आणि सुपारीच्या कुळागरात ती चांगली रुळलेली आहे.

त्या सकाळी कुळागरात एक नर गळ्याखालची पिवळीजर्द झालर पुन्हापुन्हा उघडमीट करीत होता. माझे सारे लक्ष त्याच्यावर. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेला पडदा पसरून तो पुढच्या पोफळीवर गेला, तेव्हा हवेत त्याने पुढच्या पायांनी पडद्याची कड धरली की नाही, हे मला पाहायचे होते. कर्नाटकातील सुपारीच्या बागांत तसे दिसल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले आहे. अर्थात नुसत्या डोळ्यांना ते दिसले नाही.

मी मान वर करूनच मागे सरकत असताना झावळ्या गोळा करणारे काका म्हणाले, “ताई, थांबा, पाय टाकू नका. खाली मादी आहे.”

पाटाच्या कडेला, माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर, सालीच्या रंगाची मादी बसली होती. नाकाडाने उकरलेला खड्डा तिने बहुधा नुकताच बुजवला असावा, कारण ओली माती ती डोके आपटून आपटून दाबत होती आणि मातीचे कण तिच्या पापण्यांना चिकटले होते. किती अंडी आहेत ते पाहण्यासाठी उकरण्याचा मोह झाला, हे कबूल करते. काकांनी मात्र काही न बोलता चार काटक्या रोवल्या, वर एक वाळकी झावळी आडवी ठेवली आणि त्या दिवशी पाटाचे पाणी पलीकडून वळवले. मादी अंडी घालायला खाली उतरते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. मी त्यांना विचारले होते ते फक्त सरडा कोणत्या झाडांवर दिसतो एवढेच.

दुपारी वही उघडून ‘झाड’ या शब्दापुढे मी लिहिले : ‘व पाटाकडेची मोकळी माती, अंडी घालण्यासाठी’. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात काकांचे नाव घातले.